ज्येष्ठमध उत्तम, पण तो पोचतो कुठवर?

*ताई, सा. न. वि. वि. माझं वय ४१. दांडिया बाजारात राहते, शाळेत शिकवते. धाकटीच्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांगाचे डाग आले, ते गेलेच नाहीत. सासूबाईंच्या सांगण्यावरून गांधीच्या दुकानातून जेठीमधाची, म्हणजे ज्येष्ठमधाची, पूड आणते आणि लिंबाचा रस व दही घालून रोज रात्री चोळते. झोंबतं, पण सगळे म्हणतात, झोंबलं म्हणजे गुण येतोय. मध्ये मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. तीन आठवड्यांत चेहरा स्वच्छ झाला, बंद केली तर डाग आधीपेक्षा गडद. असं तीनदा झालं. माझी भाची इथेच युनिव्हर्सिटीत एम.फार्म. करते. ती म्हणते, "मावशी, जेठीमध चांगला, पण तो आतच जात नाही. मी त्याचं लिपोसोमचं जेल बनवतेय, तू लावून बघ." ऑनलाइन एक 'नॅनो हर्बल' सिरम १,८०० रुपयांना आहे. एक मैत्रीण घरीच सुयांचा रोलर फिरवून वर सिरम लावते. यातलं मी काय करू?*
*— एक वाचक, वडोदरा*

ताई, आधी आज रात्रीचं सांगते, बाकीचं सावकाश वाचा. लिंबू बंद करा. चोळणंही बंद करा.

लिंबाच्या रसाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दोन-अडीचच्या आसपास असतो आणि आपल्या त्वचेचा पाचच्या. रोज रात्री इतकं आम्ल गालावर ठेवलं की त्वचेचं वरचं आवरण खरवडल्यासारखं होतं. लोक लिंबू लावतात ते व्हिटॅमिन सी मिळेल म्हणून. पण १०० ग्रॅम रसात ते ५० मिलिग्रॅमच्या आगेमागे असतं, म्हणजे ०.०५ टक्के. ज्या सिरममधून व्हिटॅमिन सी त्वचेत खरोखर उतरतं, त्यात ते १० ते २० टक्के असतं आणि पीएच साडेतीनच्या खाली मुद्दाम राखलेला असतो. शिवाय लिंबाच्या जातीच्या फळांत, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर राहिली आणि वर ऊन पडलं, तर भाजल्यासारखी आग होते आणि मागे काळा डाग राहतो. डाग घालवायला लावलेल्या वस्तूनं नवा डाग पडावा, याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे मी घरोघरी पाहते.

"झोंबलं म्हणजे गुण येतोय" हे वाक्य तुमच्या घरातून आजच हद्दपार करा. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत आग झाली, सूज आली, खरचटलं की रंगपेशी चेतवल्या जातात आणि मेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य जास्त बनवू लागतात. मुरूम गेल्यावर काळा डाग राहतो तो याच कारणानं. तुम्ही इतकी वर्षं एका हातानं डाग पुसत होतात आणि दुसऱ्या हातानं रंगपेशींना डिवचत होतात. यात तुमचा दोष नाही, तुम्हाला हे कुणी सांगितलंच नाही.

आता भाचीचं म्हणणं. मुलगी अगदी बरोबर बोलतेय.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. पंधरा-वीस पदर, आणि सगळे मिळून जाडी जेमतेम मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पण त्याची बांधणी विटांच्या भिंतीसारखी आहे. चपट्या मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं या मेदांचा चुना ठासून भरलेला. बाहेरचं पाणी, धूळ, जंतू आत येऊ नयेत म्हणूनच ती आहे, त्यामुळे औषधालाही ती सहज दार उघडत नाही. रंग बनवणाऱ्या पेशी बसतात या भिंतीच्याही खाली, बाह्यत्वचेच्या अगदी तळाशी. तिथे टायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) टायरोसिन या द्रव्यापासून मेलॅनिन बनवायला सुरुवात करतं. डागावरची बहुतेक वनस्पतिजन्य द्रव्यं या टायरोसिनेजला अडवतात. अडवायचं तर आधी तिथवर पोचायला हवं.

कोण पोचतं? २००० साली बॉस आणि मायनार्डी या संशोधकांनी एक साधं निरीक्षण मांडलं, ते आजही फार्मसीच्या वर्गात शिकवलं जातं: ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) जड रेणू निरोगी त्वचेतून सहसा जात नाही. पण नुसतं हलकं असून भागत नाही. त्या रेणूला तेलही थोडं मानवायला हवं आणि पाणीही, कारण वरचा थर मेदाचा आणि खालच्या जिवंत पेशी पाणथळ.

जेठीमधात डागावर काम करणारं मुख्य द्रव्य आहे ग्लॅब्रिडिन. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी अर्धा टक्का ग्लॅब्रिडिन गिनीपिगांच्या त्वचेवर लावून दाखवलं, की अतिनील किरणांनी येणारा काळेपणा त्यानं कमी होतो. त्याचं वजन ३२४ डाल्टन, म्हणजे भिंतीपाशी अडायचं कारण नाही. अडचण निराळीच आहे. ग्लॅब्रिडिन पाण्यात विरघळत नाही. ज्येष्ठमधाच्या मुळीतही ते एक टक्क्याहून बरंच कमी असतं. तुम्ही पूड लिंबाच्या पाण्यात नि दह्यात कालवता तेव्हा त्यात उतरतं ते गोडी देणारं ग्लिसरायझिन. त्याचा रेणू ८२३ डाल्टनचा, तो त्वचेत जाणार नाही. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते ग्लॅब्रिडिन मुळाच्या भुशातच अडकून राहतं. सकाळी तुम्ही ते मोरीत धुऊन टाकता. पूड दुप्पट घातली तरी हेच होणार.

मग तेलात भिजवून लावावं का, असं तुमच्या मनात आलंच असेल. ग्लॅब्रिडिन तेलात जातं हे खरं. पण जे द्रव्य एखाद्या तेलात फार सुखानं राहतं, ते तिथून निघायला मागत नाही. तेल गालावर, ग्लॅब्रिडिन तेलात, आणि त्वचा कोरडीच. त्यातून जे थोडं वरच्या थराच्या मेदात शिरतं ते तिथेच रेंगाळतं, कारण पुढे पाणथळ भाग लागतो. याच्या नेमकं उलट दुखणं अर्ब्युटिनचं. बेअरबेरी नावाच्या झुडपाच्या पानांत ते असतं आणि हल्ली बऱ्याच सिरमांवर त्याचं नाव दिसतं. २७२ डाल्टनचा छोटा रेणू, पण इतका पाण्याच्या बाजूचा की मेदाच्या थरापाशीच थबकतो. हळदीतल्या करक्युमिनची रड ग्लॅब्रिडिनसारखीच, शिवाय ते उजेडात टिकत नाही.

म्हणून कशात घालून लावलं याला इतकं महत्त्व आहे. याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण ॲझेलेइक ॲसिडचं. गहू, जव, राय या धान्यांत ते सापडतं आणि डॉक्टर वांगावर ते लिहून देतात. त्याचं २० टक्क्यांचं क्रीम मिळतं आणि १५ टक्क्यांचं जेलही. प्रयोगशाळेत दोन्ही त्वचेवर लावून मोजलं तेव्हा १५ टक्क्यांच्या जेलमधून जास्त द्रव्य त्वचेत गेलं, कारण जेलमध्ये कण बारीक होते आणि ते द्रव्याला सोडत होतं. म्हणजे डबीवर छापलेला टक्का बघून ताकद ठरवता येत नाही.

लिपोसोमचा खटाटोप याचसाठी. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात दाखवलं, की लेसिथिनसारखे मेद पाण्यात घातले की ते आपोआप बंद पिशव्यांचं रूप घेतात. सोयाबीनपासून निघतं तेच हे लेसिथिन. पिशवीच्या आत पाणी, कवच मेदाचं. अर्ब्युटिन आत ठेवा, ग्लॅब्रिडिन कवचात ठेवा, दोघांची सोय होते. कवच आपल्या त्वचेतल्या मेदाच्या जातीचं असल्यानं ते वरच्या थरात मिसळतं आणि द्रव्य तिथे सोडतं. सौंदर्यप्रसाधनांत हे १९८६ पासून आहे, पॅरिसच्या दिओरनं लिपोसोमचं क्रीम तेव्हाच बाजारात आणलं होतं.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. अख्खी पिशवी रंगपेशीपर्यंत चालत जात नाही. साध्या लिपोसोम बहुतेक वरच्याच थरात फुटतात आणि तिथे द्रव्याचा साठा करतात. त्याहून खोल जाण्यासाठी पुढे दोन सुधारणा झाल्या. जर्मनीत ग्रेगोर त्सेव यांनी कवचात असं द्रव्य घातलं की पिशवी लवचीक होऊन चिंचोळ्या फटीतून दबून सरकते. ती ट्रान्सफरसोम. जेरुसलेमच्या एल्का तुइतू यांनी भरपूर अल्कोहोल घातलं, ते त्वचेतला मेद सैल करतं आणि पिशवीही मऊ करतं. ती इथोसोम. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत ज्येष्ठमध, तुतीची साल, डाळिंबातलं इलॅजिक ॲसिड घेऊन मुलं असंच काही ना काही करून बघत असतात. मला त्यांचं कौतुक वाटतं. आजीच्या बटव्यातली गोष्ट खरी की खोटी, यावर भांडत बसण्यापेक्षा ती आत किती गेली हे मोजणं कितीतरी चांगलं.

मोजतात कसं, ते भाचीला दाखवायला सांगा. काचेचं दोन कप्प्यांचं उपकरण असतं, फ्रांझ सेल. मधोमध त्वचेचा तुकडा, वर जेल, खाली पाणीदार द्रावण, त्वचेचं तापमान ३२ अंश. तासातासानं खालचं द्रावण काढून किती द्रव्य उतरलं ते बघायचं. आता नीट लक्ष द्या, कारण जाहिरातीतली 'पाचपट शोषण' वगैरे वाक्यं इथूनच उचललेली असतात. पहिली गोष्ट, तो तुकडा बऱ्याचदा उंदराच्या त्वचेचा असतो, आणि उंदराची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा बरंच जास्त आत सोडते. डुकराच्या कानाची त्वचा आपल्याला जवळची. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. खालच्या कप्प्यात जे उतरलं ते त्वचा पार करून गेलं, म्हणजे माणसात ते रक्तात जाईल. दुखण्याच्या पट्टीसाठी ते चांगलं. डागासाठी आपल्याला द्रव्य बाह्यत्वचेच्या तळाशी थांबलेलं हवंय. त्यामुळे त्वचेच्या तुकड्यात किती राहिलं हा आकडा विचारायचा. तो आकडा भाचीच्या वहीत असेल तर मुलगी योग्य मार्गावर आहे.

१,८०० रुपयांचं सिरम घेऊ नका असं मी सांगेन, आणि कारण किमतीत नाही. 'नॅनो' हा शब्द छापायला काही लागत नाही. त्यात कुठलं द्रव्य, किती टक्के, हे लिहिलेलं नसेल, नुसतं 'मुलेठी अर्क' असेल, तर त्यात ग्लॅब्रिडिन आहे की नुसतं गोड पाणी, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. सुगंध, लवंग-दालचिनीची तेलं असलेलं तर नकोच, वांगाच्या चेहऱ्याला ती चिडवतात. शिवाय लिपोसोम उष्णतेत फुटतात, एकमेकांत मिसळतात, लेसिथिन खवट होतं. वैशाखात आपल्या वडोदऱ्यात पारा ४२ च्या पुढे जातो, आणि कुरियरचं खोकं दुपारभर टेम्पोत पडून राहिलं की बाटलीत काय उरलं असेल कोण जाणे.

मैत्रिणीच्या रोलरबद्दल मी कडक बोलणार आहे. सुयांनी त्वचेला भोकं पडतात आणि द्रव्य आत जातं, हे खरंच आहे. दवाखान्यात डॉक्टर निर्जंतुक सुयांनी ते करतातही. पण भोकातून फक्त औषध जात नाही. सिरममधला सुगंध, टिकवण्यासाठी घातलेली रसायनं, बाथरूममधले जंतू, सगळं आत जातं. सुया टोचून मग सिरम चोळल्यावर चेहऱ्यावर गाठी आल्याच्या नोंदी वैद्यकीय मासिकांत आहेत. आणि वर सांगितलं तसं, प्रत्येक टोचणी म्हणजे रंगपेशीला नवं निमित्त. मैत्रिणीलाही हे वाचायला द्या.

आता ती ट्यूब. तीन आठवड्यांत स्वच्छ आणि बंद करताच गडद, यावरून तिच्यात बहुधा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड हे त्रिकूट असावं. हे मिश्रण १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी मांडलं आणि डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडे आठवडे, ते आजही उपयोगी आहे. पण मेडिकलमधून आपलं आपण आणून महिनोन्‌महिने लावायची ती वस्तू नव्हे. स्टेरॉइडनं त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, बारीक लव येते, उन्हात गेलं की चेहरा पेटतो. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर कधीकधी निळसर-काळा डाग पडतो आणि तो जवळजवळ जात नाही. २०१८ साली सरकारनं अशा अनेक स्टेरॉइड क्रीमना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्याची सूट काढून घेतली, ती उगाच नव्हे. रिकामी ट्यूब फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला लागेल.

आणि डॉक्टरांकडे जायचंच आहे. बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर सारखे आलेले डाग बहुतेक वांगच, पण पत्रावरून निदान करणं बरं नव्हे. केसांच्या डायनं, काही कुंकवांमुळे, अत्तरानंही चेहऱ्यावर तपकिरी-राखाडी सावट येतं आणि ते दिसायला वांगासारखंच असतं. तिथे कारण काढून टाकल्याशिवाय कुठलंही क्रीम लागू पडत नाही. तुम्ही डाय लावता का, कुंकू कुठलं लावता, थायरॉइड आहे का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे सगळं लिहून न्या. सयाजी हॉस्पिटलच्या त्वचा विभागात केस काढलात तरी चालेल, किंवा तुमच्या ओळखीचे स्किनचे डॉक्टर असतील ते. ते वुड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडात डाग बघतील. डाग वरच्या थरात असेल तर तो ठळक दिसतो आणि औषधाला दादही देतो. रंग खाली अंतस्त्वचेत उतरलेला असेल तर टायरोसिनेज अडवणारं कुठलंही द्रव्य, कितीही चांगल्या पिशवीतून पाठवलं तरी, त्याला फारसं हलवू शकत नाही, कारण तो रंग बनून झालेला असतो. हे आधीच कळलं तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

तोवर एक गोष्ट तुम्ही उद्यापासून करू शकता आणि माझ्या मते तिच्यात सगळ्यात जास्त ताकद आहे. सनस्क्रीन, पण रंगाचं. वांग फक्त अतिनील किरणांनी वाढत नाही, आपल्यासारख्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा उजेडही तो वाढवतो, आणि पांढरं साधं सनस्क्रीन त्याला अडवत नाही. आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं, निदान एसपीएफ ३० चं घ्या. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा चेहरा-मानेला लागतात. त्याहून कमी लावणं म्हणजे जवळजवळ न लावणंच. शाळा सुटायच्या आधी पुन्हा एकदा लावा. स्कूटरवर तुम्ही दुपट्टा गुंडाळत असालच, ती पद्धत चांगली आहे, फक्त पातळ मलमलीवर विसंबू नका. चुलीपाशी-गॅसपाशी तोंड वाकवून उभं राहणंही थोडं टाळा.

रात्रीसाठी सध्या फक्त सौम्य साबण किंवा क्लेन्झर आणि बिनवासाचं, सिरॅमाइडचं मॉइश्चरायझर. महिनाभर त्वचेला भरून येऊ द्या. त्यानंतर डॉक्टरांना विचारून ॲझेलेइक ॲसिड किंवा ज्यावर ग्लॅब्रिडिनचं प्रमाण स्पष्ट लिहिलंय असं एखादं उत्पादन सुरू करा. आधी चार दिवस कानामागे थोडं लावून बघा. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतील, कारण वरचा रंग झडून जायलाच तेवढे लागतात. सासूबाईंना म्हणावं, जेठीमध सोडलेला नाही, त्यातलं उपयोगाचं तेवढं नीट बनवलेल्या क्रीममधून घेणार आहे. वांग फिकट होतं, पण उन्हाळ्यात परतही येतं, तेव्हा सनस्क्रीन कायमचं धरा.

भाचीचं जेल मात्र तुम्ही गालावर लावू नका, तिच्यावर कितीही माया असली तरी. प्रयोगशाळेतल्या बरणीत जंतू वाढू नयेत याची सोय पुरेशी आहे का, विद्रावकाचा अंश उरलाय का, तीन महिन्यांनी ते तसंच राहतं का, हे अजून कुणी तपासलेलं नसतं. माणसांवर काही लावून बघायचं तर संस्थेच्या नीती समितीची परवानगी लागते, आणि मावशी म्हणून ती परवानगी तुम्हाला देता येत नाही. तिच्या गाईड मॅडमना कळलं तर तिचाच प्रबंध अडेल. तिला मदतच करायची असेल, तर एखाद्या रविवारी घरी जेवायला बोलवा आणि कपाटातल्या तुमच्या सगळ्या डब्या-बाटल्या तिच्यासमोर मांडा. मागची बारीक अक्षरं तिला वाचायला सांगा, आणि ज्या डबीवर काहीच लिहिलेलं नाही ती तिच्यासमोरच केराच्या डब्यात टाका.